छोटा बँडसॉ घ्यायचाय? मग आधी एका जोडाची गोष्ट ऐका

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना लोकलच्या गर्दीत नीट ऐकू आलं नाही किंवा ज्यांना आकडे परत बघायचेत, त्यांच्यासाठी.

लाकूडकामाचा छंद लागला की एक प्रश्न हमखास येतो. ड्रिल झालं, जिगसॉ झाला, गच्चीवर किंवा गॅरेजमध्ये एक टेबल टाकून झालं. आता छोटा बँडसॉ घ्यायचाय. कुठला घेऊ? आठ इंची, दहा इंची, चौदा इंची? मोटर किती वॅटची? बीडाची फ्रेम की पोलादाची?

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. कुठलीही वस्तू घ्यायची म्हणजे आधी स्पेक शीट उघडायची, दोन मॉडेलं शेजारीशेजारी ठेवायची, ज्याचा आकडा मोठा ते उचलायचं, ही आमची सवय. पण बँडसॉच्या बाबतीत स्पेक शीटवर जे सगळ्यात ठळक छापलेलं असतं, म्हणजे मोटरची ताकद, ते सगळ्यात कमी महत्त्वाचं. महत्त्वाचं काय, हे इतिहास सांगतो. म्हणून आज आपण दोनशे वर्षं मागे जाणार आहोत. घाबरू नका, शेवटी खरेदीपर्यंत येऊच.

यंत्र काय असतं?

लाकडाच्या वखारीत कधी गेला असाल तर मोठा बँडसॉ पाहिला असेलच. वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोन्हींवरून फिरणारी पोलादाची एक सलग पट्टी. पट्टीच्या एका कडेला दाते. दोन चाकांच्या मधे टेबल. पट्टी वरून खाली धावते, तुम्ही लाकूड पुढे ढकलता, ते कापलं जातं. झालं.

साध्या करवतीत पुढे-मागे करावं लागतं, परत येताना मेहनत वाया जाते. गोल करवतीचं पातं जाड असतं, कारण पातळ थाळी वेगात फिरवली तर ती डगमगते. बँडसॉचं पातं दोन्ही बाजूंनी ताणलेलं असतं, त्यामुळे ते पातळ ठेवता येतं. पातळ पातं म्हणजे कमी भुसा.

हिशेब करून बघा. तुमच्याकडे 50 मिलिमीटर जाडीचा सागाचा तुकडा आहे आणि त्यातून 5 मिलिमीटरच्या पातळ फळ्या चिरायच्या आहेत. गोल करवत प्रत्येक कापाला 3 मिलिमीटर खाते असं धरा, बँडसॉ 1 मिलिमीटर. गोल करवतीने 6 फळ्या निघतात, बँडसॉने 8. दोन फळ्यांचा फरक, आणि तो सगळा भुसा म्हणून झाडून टाकायचा! सागाचा भाव ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको.

एवढी सोपी आणि काटकसरी कल्पना. मग ती माणसाला केव्हा सुचली?

1809: कल्पना तयार, पातं नाही

विल्यम न्यूबेरी नावाच्या लंडनच्या माणसाला 1809 साली बँडसॉचं ब्रिटिश पेटंट मिळालं. दोन चाकं, त्यावर फिरणारं सलग पातं, सगळी कल्पना त्यात आहे. आजचा बँडसॉ त्याच्यासमोर ठेवला तर त्याला तो ओळखू येईल.

पण यंत्र चालेना. का? कारण पातं तुटायचं.

आता नीट बघा. पट्टीची माळ करायची तर तिची दोन टोकं जोडावी लागतात. हा जोड लाकूड कापताना तुटला असता तर एक वेळ समजलं असतं. पण खरा घात होतो चाकावर. पातं सरळ येतं, चाकावर वाकतं, परत सरळ होतं, दुसऱ्या चाकावर वाकतं, परत सरळ. एका फेरीत दोन वेळा वाकणं. एखादी तार तोडायची असली आणि पक्कड नसली तर आपण काय करतो? इकडे वाकव, तिकडे वाकव, वीस-पंचवीस वेळात तार आपोआप तुटते. बँडसॉ आपल्या पात्याला नेमकं हेच करत असतो, फक्त सौम्यपणे आणि न थांबता.

आजचे आकडे घेऊ. 14 इंची बँडसॉचं पातं साधारण साडेत्र्याण्णव इंच लांब, म्हणजे जवळपास 2.4 मीटर. ते मिनिटाला 900 मीटर वेगाने धावतं. म्हणजे मिनिटाला सुमारे 380 फेऱ्या, आणि साडेसातशेच्या वर वाकणी. तासाला पंचेचाळीस हजार. बावीस-तेवीस तास काम केलं की दहा लाख!

न्यूबेरीच्या काळातल्या पोलादाला आणि त्याच्या जोडाला हे झेपणारं नव्हतं. पुढे जानेवारी 1836 मध्ये अमेरिकेत मेन राज्यातल्या एल्सवर्थ गावच्या बेंजामिन बार्करला तिथलं पहिलं बँडसॉ पेटंट मिळालं. पण अडचण तीच. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड बरोबर होता, पण ज्या लायब्ररीवर तो उभा होता ती अजून कोणी लिहिलीच नव्हती.

धातूही थकतो

त्या काळात ‘धातू थकतो’ ही गोष्टच लोकांना नीट माहीत नव्हती. एकदा वजन पेललं म्हणजे पुढेही पेलेल, असा साधा हिशेब. तो हिशेब किती महागात पडतो हे 8 मे 1842 ला फ्रान्सला कळलं. व्हर्सायला राजाच्या सन्मानार्थ झालेला उत्सव आटोपून लोक आगगाडीने पॅरिसला परतत होते. पुढच्या इंजिनाचा आस तुटला, गाडी घसरली, आग लागली. डब्यांची दारं बाहेरून बंद होती. पन्नासहून जास्त माणसं गेली. जगाला फेरी मारून आलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल त्यात होता, बायको आणि मुलासकट.

तो आस काही जास्त ओझ्याने तुटला नव्हता. रोजच्या, नेहमीच्या ओझ्याखाली पुन्हा पुन्हा फिरून तो आतून चिरत गेला होता. या अपघातानंतर युरोपातले इंजिनियर या विषयाच्या मागे लागले. पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन इंजिनियरने रेल्वेच्या आसांवर अनेक वर्षं प्रयोग केले आणि दाखवून दिलं की एका फटक्यात ज्याने काहीच होत नाही, तोच ताण लाखो वेळा दिला तर धातू तुटतो.

रेल्वेचा आस आणि बँडसॉचं पातं, दोघांचा आजार एकच. आणि गंमत बघा, बँडसॉच्या आजारावरचं औषधही फ्रान्समध्येच, या अपघातानंतर चार वर्षांनी सापडलं.

1846: आन पॉलीन क्रेपँ

1846 साली आन पॉलीन क्रेपँ या फ्रेंच स्त्रीने पात्याची टोकं जोडण्याच्या नव्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. न्यूबेरीच्या पेटंटला तेव्हा 37 वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत जो जोड कोणाला टिकवता आला नव्हता, तो तिने टिकवून दाखवला. थोड्याच दिवसांत तिने ही पद्धत वापरायचा हक्क पॅरिसच्या पेरिन कंपनीला विकला.

पेरिनने या जोडाला दोन गोष्टींची साथ दिली. एक, नवी मिश्र पोलादं. दुसरी, पोलादाला पाणी देण्याच्या सुधारलेल्या रीती. फार कडक पाणी दिलं तर पातं काचेसारखं तुटणार, मऊ ठेवलं तर दाते बोथटणार. त्यातला मधला रस्ता सापडला आणि जगातलं पहिलं आधुनिक बँडसॉचं पातं तयार झालं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बँडसॉ कारखान्याकारखान्यांत पोचला. खुर्चीचे वाकडे पाय, पाळण्यांचे कठडे, घोडागाड्यांची चाकं, जिथे जिथे गोलाई कापायची तिथे तिथे हे यंत्र.

इतिहासात नाव मात्र यंत्र काढणाऱ्या न्यूबेरीचं आणि पाती विकणाऱ्या पेरिनचं राहिलं. क्रेपँच्या वाट्याला एखादी ओळ येते. मला हे खटकतं, आणि ते फक्त ती स्त्री होती म्हणून नाही. आपण नेहमी यंत्राला श्रेय देतो, जोडाला नाही. खरेदी करतानाही आपण हेच करतो. चकचकीत मोटर बघतो, आणि ज्याच्यामुळे अख्खं यंत्र चालतं त्या पात्याकडे बघतही नाही.

आजही जोड तसाच नाजूक आहे बरं का. विजेने टोकं वितळवून एकमेकांत दाबतात. पण तेवढ्याने भागत नाही. तापून अचानक गार झालेली ती जागा ठिसूळ होते, म्हणून तिला परत हलकं तापवून हळू गार करावं लागतं, मग दोन्ही बाजूंनी घासून पात्याच्या जाडीला आणावं लागतं. यातली एक पायरी चुकली की नवं कोरं पातं पहिल्या तासातच फट्ट!

कारखान्यातून गॅरेजमध्ये

सुरुवातीचे बँडसॉ माणसापेक्षा उंच, वाफेवर किंवा पट्ट्यावर चालणारे. ते घरी कसे आले?

इथे अमेरिकेतलं मिल्वॉकी शहर येतं. 1919 साली हर्बर्ट टाउट्झने तिथे डेल्टा नावाचा छोटा व्यवसाय सुरू केला. घरच्या वर्कशॉपसाठी छोटी पण खरीखुरी यंत्रं, हा त्याचा धंदा. 1930 च्या दशकात, जागतिक मंदीच्या काळात, डेल्टाने 14 इंची बँडसॉ बाजारात आणला. ओतीव बीडाची, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी फ्रेम, घरातल्या विजेवर चालणारी मोटर, सहा इंच उंचीचं लाकूड चिरायची ताकद. फ्रेमच्या मधे सहा इंचांचा ठोकळा बसवला की तीच उंची बारा इंच व्हायची. तुकडे बदलून यंत्र वाढवता येतं, ही त्या रचनेची खरी हुशारी.

पुढे तैवानच्या कारखान्यांनी हीच रचना उचलली. तिथल्या ताइचुंगच्या परिसरात लाकूडकामाच्या यंत्रांचा मोठा उद्योग उभा राहिला, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने, वेगवेगळ्या रंगांत, तोच 14 इंची बँडसॉ जगभर गेला. आज तुम्ही जुन्या धाटणीचा कुठलाही 14 इंची बँडसॉ उघडलात तर आत बहुधा डेल्टाचाच नातू भेटेल. दुसरीकडे इटलीच्या कारखानदारांनी बीड सोडून पोलादी पत्रा वाकवून, वेल्डिंग करून फ्रेम बनवल्या. आज दोन्ही घराणी बाजारात आहेत.

फ्रेमचा एवढा बाऊ का? कारण पातं ताणून धरायचं काम फ्रेमचं. अर्धा इंच रुंद आणि 0.64 मिलिमीटर जाड पातं नीट ताणायचं तर वरचं चाक जवळपास 160 किलोच्या जोराने वर उचलून धरावं लागतं. दोन धडधाकट माणसं फ्रेमला लोंबकळली आहेत असं समजा. फ्रेम लवली की पातं सैल, पातं सैल की काप वाकडा. पाव इंची पात्याला साधारण याच्या अर्धा जोर पुरतो.

आता खरेदी

इतिहास संपला. आता त्याच क्रमाने निवड करायची: आधी पातं, मग चाक, मग फ्रेम, आणि शेवटी मोटर.

पहिला प्रश्न, तुम्ही कापणार काय? खेळणी, अक्षरं, वळणदार चमचे करणार असाल तर अरुंद पातं लागेल. पाव इंची पातं साधारण 16 मिलिमीटर त्रिज्येचं वळण घेतं, अर्धा इंची पात्याला 60 मिलिमीटरच्या वर लागते. उलट फळ्या उभ्या चिरायच्या असतील तर रुंद पातं आणि इंचाला तीनच दाते. दाते मोठे, त्यांच्या मधली जागा मोठी, म्हणजे भुसा अडकत नाही. किरकोळ कामाला इंचाला सहा दाते ठीक. आणि कापताना निदान तीन दाते लाकडात असले पाहिजेत, नाहीतर पातळ लाकडावर दाते आपटत राहतात.

दुसरा प्रश्न, चाक. न्यूबेरीला ज्याने रडवलं तेच गणित इथे आहे. चाक जेवढं लहान तेवढं पातं जास्त वाकणार. एकच पातं 14 इंची चाकावरून काढून 8 इंची चाकावर घातलं तर वाकण्याचा ताण पावणेदोन पट होतो. म्हणून छोट्या यंत्राला पातळ पातं लागतं, साधारण 0.35 मिलिमीटरचं. ‘जाड पातं टाकलं तर मजबूत होईल’ असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. छोट्या चाकावर जाड पातं लवकर तुटतं. शिवाय पात्याची लांबी कमी म्हणून फेऱ्या जास्त. 9 इंची यंत्रात पातं मिनिटाला नऊशेच्या आसपास वेळा वाकतं.

म्हणजे 8-9 इंची यंत्र वाईट का? मुळीच नाही. टेबलावर मावतं, एक माणूस उचलतो, 75-90 मिलिमीटर उंचीपर्यंत कापतं. फ्लॅटच्या बाल्कनीत पातळ लाकडात गोलाई कापणाऱ्याला तेवढं खूप झालं. फक्त त्याच्याकडून सहा इंची सागाचा ओंडका चिरण्याची अपेक्षा ठेवू नका. 10 इंची हा मधला मार्ग. जागा आणि पैसे असतील आणि फळ्या चिरायच्याच असतील, तर 14 इंचीपर्यंत थांबा.

तिसरी गोष्ट, जी कोणी विचारत नाही: या यंत्राच्या लांबीचं पातं तुमच्या शहरात मिळतं का? 14 इंचीची साडेत्र्याण्णव इंच ही लांबी सर्रास चालते. छोट्या यंत्रांची लांबी मात्र कंपनीगणिक बदलते. यंत्र घ्यायच्या आधी पाती विकणाऱ्या दुकानात जा. गुंडाळीतून हवी तेवढी लांबी तोडून जोडून देतील का, ते विचारा. तो जोडून देणारा माणूस म्हणजे तुमचा क्रेपँ. त्याच्याशी ओळख ठेवा, मोटरच्या शंभर-दोनशे वॅटपेक्षा ती जास्त उपयोगी पडेल.

चौथं, जुनं यंत्र स्वस्तात मिळत असेल तर घाबरू नका, पण तपासा. चाक हाताने फिरवा, डुलतंय का? बेअरिंगचा आवाज येतो का? बीडाच्या फ्रेमला, विशेषतः वरच्या चाकाजवळ, तडा आहे का? तडा असेल तर हात जोडून परत या. चाकावरचं रबर झिजलेलं असेल तर चालेल, ते बदलता येतं. आणि जुनं पातं बघून यंत्राला नापास करू नका. नवं पातं घालून, नीट ताणून, मगच कापून बघा.

मोटर? 8-9 इंचीला 250-350 वॅट, 14 इंचीला एक हॉर्सपॉवर. एवढं असलं की पुढे जा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

बँडसॉ लाकूड खाली टेबलाकडे दाबतो, गोल करवतीसारखं ते अंगावर फेकत नाही. म्हणून लोक त्याला गरीब समजतात. पण खाटीकखान्यात हाडं कापायला हेच यंत्र वापरतात, एवढं लक्षात ठेवा. पात्यावरचं कव्हर लाकडापासून बोटाच्या पेराएवढंही उंच नको. हातमोजे घालू नका, दाते ते ओढून घेतात. गोल ओंडका मोकळा धरून कापू नका, तो पात्याखाली गरकन फिरतो. त्याला इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या खाचेत बसवा.

दुसरी गोष्ट कायद्याची. 12 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन तिरुमुलपाद खटल्यात, वनक्षेत्रात केंद्राच्या मंजुरीशिवाय चालणाऱ्या सॉ मिल थांबवायचा आदेश दिला. तेव्हापासून लाकूड चिरण्याचं यंत्र ही आपल्याकडे वन खात्याच्या नजरेतली वस्तू आहे. त्यामुळे मोठं यंत्र लावण्याआधी किंवा दुसऱ्यांची लाकडं पैसे घेऊन चिरून देण्याआधी जवळच्या वन कार्यालयात जाऊन विचारा. दहा मिनिटांचं काम आहे.

तर मंडळी, 1809 मध्ये यंत्र कागदावर तयार होतं आणि 37 वर्षं एका जोडावाचून अडून राहिलं. तुमच्या गॅरेजमधला बँडसॉही जोडावरच चालणार आहे. म्हणून बजेट ठरवताना यंत्राच्या किमतीतच तीन चांगल्या पात्यांचे पैसे बाजूला काढा: एक पाव इंची, एक अर्धा इंची, आणि एक जादा, तुटेल तेव्हासाठी. कारण ते तुटणारच आहे.

तुमच्या गावात पाती जोडून, धार लावून देणारं कोणी असेल तर त्यांच्याशी बोला, ते काम कसं करतात ते बघा, आणि आम्हाला कळवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत बोटं सांभाळा!